सोन्याचं वासरू आणि उद्याचा सण

सीनाय पर्वताच्या पायथ्याशी सोन्याचं वासरू तयार झालं, मोशेचा भाऊ अहरोन याने त्याच्यासमोर वेदी बांधली आणि दवंडी पिटवली की उद्या परमेश्वराचा सण आहे. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातल्या ३२ व्या अध्यायात ही एका ओळीची दवंडी आहे, आणि वाचताना ती हमखास निसटते. आपल्या मनात चित्र ठसलेलं असतं ते असं, की लोकांनी देवाला सोडलं आणि वासराला धरलं. पण त्या छावणीत देव सोडल्याचं कोणीच जाहीर केलं नव्हतं. नाव जुन्याच देवाचं होतं, सण त्याचाच होता, यज्ञही रीतसर होणार होते. फक्त देव आता डोळ्यांसमोर होता आणि उचलून पुढे नेता येत होता.

देवाऐवजी मूर्ती निवडणं, देवाऐवजी पाप निवडणं हा ख्रिस्ती शिकवणीतला फार जुना विषय आहे आणि तो बऱ्याचदा ढोबळपणे मांडला जातो. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला सैतान, मध्ये माणूस, आणि त्याने चुकीचा हात धरला. पवित्र शास्त्र मन लावून वाचलं तर असा उघड सामना क्वचितच आढळतो. माणूस सहसा देवाला नकार देत नाही. त्याला सोयीचा, लवकर हाती लागणारा देव हवा असतो, आणि तो देव बहुतेकदा देवानेच दिलेल्या एखाद्या चांगल्या गोष्टीतून घडवलेला असतो. हे एकदा ध्यानात आलं की मूर्तिपूजेचा आरोप शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकता येत नाही. म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं.

वासराच्या गोष्टीतले तपशील पाहा. इस्राएली लोकांचा नेता मोशे पर्वतावर गेला त्याला ४० दिवस होत आले होते. त्याआधी थोडेच दिवस सगळ्या लोकांनी एकमुखाने कबूल केलं होतं की परमेश्वर सांगेल ते आम्ही करू. दहा आज्ञा ऐकून झाल्या होत्या. दुसरा देव नको आणि कोरीव मूर्ती नको, हे त्यांत अगदी सुरुवातीलाच होतं. म्हणजे अज्ञान हे कारण नव्हतं. कारण होतं ते वाट पाहणं. ओसाड रान, पुढचा रस्ता ठाऊक नाही, रस्ता दाखवणारा माणूस ढगात दिसेनासा झालेला. लोक अहरोनाकडे आले आणि म्हणाले की आमच्या पुढे चालेल असा देव करून दे. त्यांची मागणी भीतीतून आली होती, आणि भ्यालेल्या माणसाला आधार मागावासा वाटतो यात नवल काही नाही.

अहरोनाने बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडलं मागितली. हे सोनं इजिप्तमधून निघताना तिथल्या लोकांकडून मिळालेलं होतं. गुलामीतून सुटल्याची ती खूण होती. अहरोनाने ते घेतलं, हत्याराने त्याला आकार दिला. आणि लोक म्हणाले की इजिप्तमधून आम्हाला बाहेर काढणारा तो हाच. पुढे मोशे संतापून खाली उतरला, त्याने जाब विचारला, तेव्हा अहरोनाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. लोकांनी सोनं दिलं, मी ते विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं, असं तो सांगतो. हत्याराचा उल्लेखच नाही. वासरू जणू आपलं आपण घडलं! पापाची कबुली देताना माणूस कसा बोलतो, याचा यापेक्षा नेमका नमुना मला कुठे सापडलेला नाही.

वासरूच का, याचं उत्तर त्या काळच्या कनानी प्रदेशात आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारीत या प्राचीन नगरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर एल या थोरल्या देवाला बैल म्हटलेलं आहे. वादळाचा देव हदाद बैलाच्या पाठीवर उभा असलेला अनेक शिल्पांत दिसतो. १९९० मध्ये इस्राएलमधल्या अश्कलोनच्या उत्खननात तळहातावर मावेल एवढं, चांदीने मढवलेलं कांस्य धातूचं वासरू मिळालं. ते सुमारे इ.स.पू. १६०० चं आहे आणि मातीच्या एका लहानशा देव्हाऱ्यात ठेवलेलं होतं. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की सीनायच्या लोकांना वासरू हा देव वाटतच नसावा. न दिसणाऱ्या परमेश्वराचं ते आसन किंवा वाहन असावं. तसं असेल तर अहरोनाची दवंडी अगदी जुळते. आणि आरोपही सौम्य होत नाही, उलट जास्त टोचतो. परमेश्वराचं नाव घेऊन, त्याच्याच सणाच्या दिवशी, माणसं त्याला आपल्या ताब्यात आणत होती.

इथे भारतीय वाचकाला एक प्रश्न पडणारच. चर्चमध्ये पुतळे असतातच की! वसईत, वांद्र्याला, गोव्यात कुठेही जा, येशूची आणि मरियेची मूर्ती दिसते, तिच्यापुढे मेणबत्त्या लागतात. हा वाद ख्रिस्ती लोकांनी आपापसांत शतकानुशतकं घातला आहे. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी चित्रं फोडायला लावली, ७८७ मध्ये निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने चित्रांना मान देणं योग्य ठरवलं आणि उपासना मात्र फक्त देवाची, असा भेद केला. सोळाव्या शतकात झुरिकमधल्या सुधारकांना तो भेद पटला नाही. तिथे १५२४ मध्ये चर्चमधली चित्रं आणि पुतळे काढून टाकण्यात आले. हा वाद इथे सोडवण्याची गरज नाही. ‘निर्गम’मध्येच पुढे त्याच लोकांनी पुन्हा कुंडलं आणून दिली आणि त्या दानातून निवासमंडप उभा राहिला, कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूबही, म्हणजे पंखधारी स्वर्गीय जीव, घडवले गेले, तेही देवाच्या सांगण्यावरून. सोनं तेच, कारागिरी तशीच. धातूत दोष असता तर दुसऱ्या वेळी तो चालला नसता.

मूर्तीचं राजकारण कसं होतं ते यराबामच्या गोष्टीत दिसतं. सुमारे इ.स.पू. ९३० मध्ये शलमोनाचं राज्य फुटलं, उत्तरेकडच्या दहा वंशांचा यराबाम राजा झाला, पण मंदिर राहिलं दक्षिणेत, यरुशलेममध्ये. लोक दर सणाला तिकडे जाऊ लागले तर त्यांचं मन जुन्या राजघराण्याकडे वळेल आणि आपला जीव जाईल, ही त्याची धास्ती ‘१ राजे’ पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात उघड नोंदवली आहे. लोकांना मात्र त्याने वेगळंच सांगितलं: इतक्या लांब जाण्याचा त्रास तुम्ही कशाला घेता? मग बेथेल आणि दान इथे सोन्याची दोन वासरं आली, आणि त्यांच्याबद्दल त्याने जवळजवळ तेच उद्गार काढले जे सीनायच्या पायथ्याशी निघाले होते. यार्देन नदीच्या उगमाजवळ तेल दान इथे १९६६ पासून अव्राहाम बिरान यांनी उत्खनन केलं, तेव्हा घडीव दगडांचा प्रशस्त चौथरा आणि वेदीचे अवशेष मिळाले. वासरू मिळालं नाही. चौथरा पाहिला की एवढं कळतं, की हा चोरीछुपे चाललेला उद्योग नव्हता. राजाश्रय असलेलं, देखणं, भक्तांच्या सोयीचं तीर्थस्थान होतं.

पितळी सर्पाची हकिकत तर याहून बोलकी आहे. रानात विषारी साप चावून लोक मरू लागले तेव्हा मोशेने देवाच्याच आज्ञेवरून पितळेचा साप करून खांबावर लावला. त्याच्याकडे पाहणारा वाचायचा. ही देवाने दिलेली, जीव वाचवणारी वस्तू. ती जपून ठेवली गेली, आणि काही शतकांनी लोक तिच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीया राजाने शेवटी ती फोडून टाकली. गंमत अशी की योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या वधस्तंभाची तुलना याच सर्पाशी करतो. वस्तू वाईट असती तर त्याने तिचा दाखला दिला नसता. वस्तू ज्याच्याकडे बोट दाखवत होती, त्याला सोडून लोक बोटाला चिकटले होते.

संदेष्ट्यांचा सगळा राग यासाठीच आहे. इ.स.पू. आठव्या शतकातल्या होशेयाने इस्राएलला अशा पत्नीच्या रूपात पाहिलं जिला धान्य, द्राक्षारस, तेल, चांदी, सोनं नवऱ्याने दिलं आणि तिने ते बआल या कनानी देवाच्या चरणी वाहिलं. देणारा कोण हेच ती विसरली. यिर्मयाने वापरलेली प्रतिमा टाक्यांची आहे. त्या प्रदेशात उन्हाळ्याचे महिने कोरडे जातात, म्हणून लोक चुनखडीच्या खडकात टाकी खोदत, आतून गिलावा करत आणि पावसाचं पाणी साठवत. गिलाव्याला तडा गेला की पाणी खडकात मुरून जायचं. वाहत्या झऱ्याकडे पाठ फिरवून लोक अशी फुटकी टाकी खोदत बसले, हे यिर्मयाचं दुःख. त्यात मेहनतीचा भाग विसरू नये. झरा फुकट होता. टाकं खोदायला घाम गाळावा लागत होता.

नव्या करारात पौलाने या विचाराची साखळी जोडून दाखवली. ‘रोमकरांस पत्र’ त्याने इ.स. ५७ च्या सुमारास लिहिलं. पहिल्या अध्यायात तो सांगतो की माणसांना देवाची जाणीव होती, पण त्यांनी त्याला देव म्हणून मान दिला नाही, आभार मानले नाहीत. निर्माणकर्त्याच्या जागी निर्मिलेली गोष्ट बसवली. मग पापांची लांबलचक यादी येते: हेवा, खून, कलह, चहाडी, आईबापांची अवज्ञा. क्रम ध्यानात घ्यावा. आधी उपासनेची जागा बदलली, मग वागणं बिघडलं. देवाने काय केलं? पौल तीनदा एकच सांगतो, की देवाने त्यांना त्यांच्या इच्छेच्या हवाली केलं. शिक्षा म्हणून वीज पडली नाही. जे हवं होतं तेच मिळू दिलं, आणि त्यातच शिक्षा होती.

ही यादी वाचताना धार्मिक माणूस मान डोलावतो. पौलाला ते ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तो वाचणाऱ्याकडे वळतो आणि म्हणतो की दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या तुलाही सबब उरलेली नाही. दुर्दैव असं की पहिला अध्याय हातात घेऊन निघालेल्या अनेकांनी पान उलटलंच नाही. १५४० मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्याच्या तिसवाडीतली देवळं पाडली, त्यांच्या जमिनींचं उत्पन्न पुढे ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं, १५६० मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय आलं. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना भक्तांनी रातोरात पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या अंत्रुज महालात हलवलं. मंगेशी आणि कवळे इथली आजची देवळं त्या स्थलांतरातून उभी राहिली. मूर्ती फोडण्याच्या नावाखाली सत्ता आणि जमीन यांची भूक भागवली गेली. ‘कलस्सैकरांस पत्र’ तर लोभालाच मूर्तिपूजा म्हणतं. ते वाक्य त्या राज्यकर्त्यांच्या बायबलमध्येही होतं.

पाप म्हणजे उघड वाईटाची निवड, ही समजूत मोडून काढणारा मोठा विचारवंत म्हणजे ऑगस्टिन. आजच्या अल्जीरियातल्या थगास्ते गावी ३५४ मध्ये त्याचा जन्म झाला. हिप्पोचा बिशप झाल्यावर, वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, त्याने ‘कन्फेशन्स’ लिहिलं. त्यातल्या दुसऱ्या भागात सोळाव्या वर्षीची एक चोरी आहे. घरच्या द्राक्षमळ्याजवळ नासपतीचं एक झाड होतं. रात्री टोळक्याने जाऊन फळं ओरबाडली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळं होती. थोडी चाखली, बाकी डुकरांपुढे टाकली. एवढीशी गोष्ट, आणि हा माणूस पानामागून पान तिच्यापाशी थांबतो, कारण त्याला कळत नाही की आपल्याला त्यात आवडलं तरी काय.

त्याला मिळालेली उत्तरं दोन. एक, एकट्याने आपण हे कधीच केलं नसतं. सोबतीत हसण्याची मजा होती, आणि आपण इतरांहून कमी निर्लज्ज दिसू याची लाज वाटत होती. मैत्रीसारखी सुंदर गोष्ट, तिने विवेकाची जागा घेतली होती. दुसरं उत्तर अधिक खोल आहे. मनाई असलेलं करताना क्षणभर आपण सर्वसमर्थ असल्यासारखं वाटलं, असं तो म्हणतो. प्रत्येक पापात त्याला देवाच्याच एखाद्या गुणाची वेडीवाकडी नक्कल दिसते. गर्वाला उंची हवी, ती देवाकडे आहे. आळसाला विसावा हवा, लोभाला भरपूर काही हवं, चैनीला तृप्ती हवी. यातलं काहीही मुळात वाईट नाही, आणि सगळं देवापाशी आहे. म्हणजे पाप करणारा माणूसही देवालाच शोधत असतो, पण देवाकडे पाठ करून. ऑगस्टिनच्या लेखी चांगलं जीवन म्हणजे प्रेमाचा नीट लावलेला क्रम. ज्याच्यावर सर्वाधिक प्रेम करायचं त्याच्यावर सर्वाधिक, आणि बाकीच्यांवर ज्याच्या त्याच्या जागी. मुलांवर, कामावर, देशावर प्रेम करायला त्याची ना नाही. त्यांपैकी कोणावर तरी सगळा भार टाकला की ते बिचारं वाकतं आणि भार टाकणाराही पडतो, असं मी त्याच्या वाचनातून समजलो आहे.

हजार वर्षांनंतरच्या सुधारकांनी हाच धागा उचलला. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगताना निकष दिला तो असा, की तुझं मन ज्याला घट्ट धरून आहे आणि ज्याच्यावर विसंबून आहे, तोच तुझा देव. पैसा ही त्याच्या मते सर्वांत प्रचलित मूर्ती. कॅल्व्हिनने माणसाच्या मनाला मूर्ती घडवणारा अखंड चालू कारखाना म्हटलं. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही मूर्तिपूजेच्या यादीत सत्ता, सुख, वंश, राज्यसंस्था आणि पैसा आहेत. एरवी एकमेकांशी भांडणारे पंथ इथे एकाच बाकावर बसतात.

यादीतला ‘वंश’ हा शब्द उगाच आलेला नाही. १९३३ च्या जर्मनीत ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाची चळवळ होती. तिच्या चिन्हात क्रूसाबरोबर स्वस्तिक होतं. या लोकांनी चर्च सोडलं नव्हतं. ते प्रार्थनेला येत, बाप्तिस्मा देत, आणि त्या वर्षीच्या चर्च-निवडणुकांत त्यांनी मोठा विजय मिळवला. देश, रक्त आणि नेता यांतून देवच बोलतो आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. अहरोनाची दवंडी विसाव्या शतकात पुन्हा पिटली गेली. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या प्रॉटेस्टंट प्रतिनिधींनी एक जाहीरनामा काढला. तो प्रामुख्याने कार्ल बार्थ यांनी लिहिला होता, आणि ख्रिस्ताखेरीज दुसरी कोणतीही सत्ता वा घटना देवाची वाणी म्हणून आम्ही मानणार नाही, असं त्यात ठामपणे सांगितलं होतं. मात्र ज्यूंच्या छळाबद्दल त्यात शब्द नव्हता. मूर्ती ओळखणाऱ्यांनाही समोरची सगळी मूर्ती दिसतेच असं नाही, आणि याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.

निवडीचा क्षण सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात. एक श्रीमंत माणूस धावत येतो, गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनासाठी काय करू असं विचारतो. येशू आज्ञा मोजून दाखवतो: खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, फसवणूक, आईबापांचा मान. सगळ्या माणसामाणसांतल्या. देवाविषयीच्या, दुसरा देव नको म्हणणाऱ्या आज्ञा तो उच्चारतच नाही. हा माणूस खरंच सांगतो की हे मी लहानपणापासून पाळतो. मग येशू म्हणतो, असेल ते विक, गरिबांना दे, आणि माझ्यामागे ये. वगळलेली पहिली आज्ञा अशी समोर आली. माणसाचा चेहरा उतरतो, आणि तो खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. त्याने देवाला शिव्या दिल्या नाहीत, वाद घातला नाही. त्याला दोन्ही हवं होतं, म्हणून तर तो खिन्न झाला. त्याच्याकडे पाहून येशूला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं, हे फक्त मार्क नोंदवतो. आणि हे प्रेम नकाराच्या आधीचं आहे, नकार ठाऊक असूनही केलेलं, अशी माझी श्रद्धा आहे. पुढे त्या माणसाचं काय झालं हे शुभवर्तमान सांगत नाही.

आपल्या मनाने कशाला घट्ट धरलं आहे, हे बसल्या जागी विचार करून सहसा कळत नाही. म्हणून चर्चने त्यासाठी वर्षातला एक काळ राखून ठेवला. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावली जाते आणि ईस्टरपर्यंतचे ४० दिवस उपवास, प्रार्थना आणि दानधर्मात जातात. या दिवसांत लोक काय सोडतात ते पाहण्यासारखं आहे. चोरी किंवा खोटेपणा सोडण्यासाठी मुहूर्त लागत नाही. ते बाराही महिने वर्ज्य. सोडायची असते ती एखादी निर्दोष, आवडती गोष्ट: मांस, गोडधोड, संध्याकाळचा टीव्ही, हातातला मोबाइल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिडचिड सुरू झाली की पकड कुठे होती ते समजतं. वाचलेले पैसे घरात राहू द्यायचे नसतात, गरजूला द्यायचे असतात. ४० दिवसांच्या मोजणीत रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा. आणि ईस्टरला सोडलेला पदार्थ पुन्हा ताटात येतो. घरातली सगळी माणसं आभार मानून तो पोटभर खातात.